सिनेमातली गाणी शास्त्रीय संगीतातून चाली उचलतात का? क्लासमध्ये मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गिरगावात चाळीतल्या पुढच्या खोलीत मी गाण्याचा क्लास घेते. मुलं सहा वाजता येतात, आया-बाबा आणि आजोबा मंडळी बाहेर गॅलरीतल्या बाकावर बसतात, आणि क्लास सुटला की चपला घालता घालता प्रश्न सुरू होतात. गेली कित्येक वर्षं प्रश्न साधारण तेच आहेत, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट टाइप करून ठेवावं, म्हणजे घाईघाईत अर्धवट उत्तर द्यायला नको.

सरळ सांगा ना, फिल्मी गाण्यांच्या चाली शास्त्रीय संगीतातून घेतलेल्या असतात का?

काही असतात, बऱ्याचशा नसतात. आणि "घेतलेल्या" हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो त्यामुळे सगळा घोळ होतो. संगीतकार नुसता राग घेतो आणि चाल स्वतः बांधतो, ही एक गोष्ट. आधीपासून गायली जाणारी बंदिश (रागात बांधलेली ठरलेली रचना) किंवा ठुमरी, म्हणजे आपण जिला चीज म्हणतो ती, मुखड्यासकट, म्हणजे सुरुवातीच्या ओळीसकट घेतो, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे एखाद्या गवयाची रेकॉर्डच घेऊन तिच्यावर गाणं उभं करणं. पहिल्या प्रकारची गाणी ढिगाने आहेत, दुसऱ्या प्रकारची बरीच कमी आणि तिसऱ्या प्रकारची अगदी मोजकी. "चोरी" हा शब्द पहिल्या प्रकाराला लावला तर ते मला अजिबात पटत नाही, दुसऱ्याला लावायचा का ते नाव दिलंय की नाही यावर ठरतं.

राग म्हणजेच चाल ना?

नाही, आणि हे एकदा कळलं की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

राग म्हणजे कुठले स्वर लावायचे, चढताना कसं जायचं, उतरताना कसं यायचं, कुठे थांबायचं, कुठल्या स्वराला जास्त मान द्यायचा, याची शिस्त. चाल म्हणजे त्या शिस्तीत राहून (कधी थोडी मोडून) बांधलेली एक ठरलेली स्वरांची ओळ. यमन घ्या. 'आँसू भरी हैं' (परवरिश, १९५८, दत्ताराम), 'ज़िंदगी भर नहीं भूलेगी' (बरसात की रात, १९६०, रोशन), 'चंदन सा बदन' (सरस्वतीचंद्र, १९६८, कल्याणजी-आनंदजी), 'जब दीप जले आना' (चितचोर, १९७६, रवींद्र जैन), आणि आपल्याकडे बाबूजींचं म्हणजे सुधीर फडक्यांचं 'तोच चंद्रमा नभात', ही सगळी यमनच्या घरातली. एकापाठोपाठ एक गुणगुणून बघा, एकाची चाल दुसऱ्यात मिसळत नाही, मूड पण वेगळे, एकात विरह आहे, एकात पहिल्या भेटीची आठवण, एकात वाट बघणं. आणि तरी तीव्र मध्यमाची, म्हणजे चढ्या म ची, ती एक झाक सगळ्यांत आहे, रात्र पडायला लागली की आकाशाला येतो ना तसा रंग.

आता या पाच जणांनी एकमेकांचं चोरलं का? की यमनचं चोरलं? यमन कुणाच्या मालकीचा नाही हो. मराठीत लिहिणाऱ्याने मराठी भाषा चोरली असं आपण म्हणत नाही.

पण मग स्वर तेच असले की राग तोच, बरोबर?

हे पण नाही! क्लासमध्ये मी हे पेटीवर दाखवते, घरी पेटी किंवा कीबोर्ड असेल तर आत्ता करून बघा. समजा काळी चार हा तुमचा सा. आता सा रे ग प ध हे पाचच शुद्ध स्वर घ्या, मध्यम (म) आणि निषाद (नी) पूर्ण बाजूला. आधी गंधारावर (ग) येऊन थांबा, पुन्हा पुन्हा तिथेच या, ग रे सा, ध़ सा रे ग, प ग, असं सावकाश. संध्याकाळ झाली, भूप झाला. आता तेच पाच स्वर, पण वरून सुरुवात करा, धैवताला (ध) धरून, सा' ध, प, ग प ध प, आणि गंधारावर रेंगाळू नका, रिषभाला (रे) तर नुसतं शिवून या. सकाळ होते. हा देशकार. एकही स्वर बदलला नाही, फक्त कुठे बसायचं ते बदललं.

माझ्याकडची एक नऊ वर्षांची मुलगी हे पहिल्यांदा ऐकून म्हणाली, "ताई, घर तेच आहे पण दुसऱ्या दारातून आत आलो." मी इतकी वर्षं शिकवतेय, मला इतकं नेमकं कधी सांगता आलं नव्हतं.

हे कळलं की 'ज्योति कलश छलके' (भाभी की चूड़ियाँ, १९६१) ऐका. पुन्हा बाबूजीच. जाणकारांमध्ये त्याला भूप म्हणायचं का देशकार यावर चर्चा होत असते, आणि का होते ते आता तुमच्या कानालाच कळेल. दुसरीकडे 'पंख होते तो उड़ आती रे' (सेहरा, १९६३, रामलाल), तेच पाच स्वर आणि सरळ भूप. कुणी म्हणेल का की ही दोन गाणी सारखी आहेत म्हणून?

बरं, मग जशीच्या तशी चीज घेतलेली गाणी आहेत का?

आहेत, आणि सुंदर आहेत.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण रोशन यांचं. गौड मल्हारमध्ये एक जुनी पारंपरिक चीज आहे, 'गरजत बरसत भीजत आई लो'. रोशननी ती १९५१ च्या 'मल्हार' सिनेमात लताबाईंकडून गाऊन घेतली, आणि मग नऊ वर्षांनी 'बरसात की रात' मध्ये तीच पुन्हा आली, यावेळी 'गरजत बरसत सावन आयो रे' होऊन, सुमन कल्याणपूर आणि कमल बारोट यांच्या आवाजात. म्हणजे एकाच संगीतकाराने एकाच चिजेला दोनदा हात घातला! दोन्ही गाणी लागोपाठ लावून मग एखाद्या गवयाचा गौड मल्हार ऐका, मुखडा ओळखीचा वाटतो, पुढे प्रत्येक जण आपापल्या वाटेने जातो.

'फुलगेंदवा न मारो' (दूज का चाँद, १९६४) हे पण रोशन यांचंच. मन्ना डेंनी गायलंय, पडद्यावर विनोदी प्रसंग आहे, पण मुळात ती भैरवीतली ठुमरी, बनारसच्या रसूलनबाई ती गायच्या. आणि त्याच्याही कितीतरी आधी 'बाबुल मोरा', नवाब वाजिद अली शहांच्या नावाने ओळखली जाणारी भैरवी ठुमरी, सैगलनी 'स्ट्रीट सिंगर' (१९३८) मध्ये गायली आणि घराघरात पोचवली.

जवळच्या काळातलं सांगायचं तर 'अलबेला सजन आयो री' (हम दिल दे चुके सनम, १९९९), ही अहिर भैरवातली पारंपरिक बंदिश. मुलं क्लासला येऊन म्हणतात ताई हे सलमानचं गाणं शिकवा, आणि मी म्हणते शिकवते की, पण अंतऱ्यासकट आणि तीनतालात. आणि तिसऱ्या प्रकाराचं उदाहरण म्हणजे 'दिल्ली ६' (२००९) मधलं 'भोर भई', त्यात बडे गुलाम अली खाँसाहेबांचा गुजरी तोडीचा जुना आवाजच आहे आणि त्याच्या सोबतीला श्रेया घोषाल. मी ते पहिल्यांदा चर्नी रोडला प्लॅटफॉर्मवर उभी असताना हेडफोनवर ऐकलं आणि खाँसाहेबांचा आवाज आला तेव्हा आलेली गाडी सोडून दिली.

शब्द तेच असले की चाल पण तीच, असं धरायचं का?

अजिबात नाही. त्याच 'अलबेला सजन'चा मुखडा 'बाजीराव मस्तानी' (२०१५) मध्ये पुन्हा आला, शब्द तेच आणि चाल वेगळी. आणि आपलं 'घेई छंद मकरंद' आठवा, 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकात अभिषेकीबुवांनी एकाच पदाच्या दोन चाली केल्या, नाटकातल्या पंडितजींची वेगळी आणि नाटकातल्याच खाँसाहेबांची वेगळी, कारण दोन घराण्यांचा झगडाच त्या नाटकाचा विषय आहे.

उलटा गैरसमज पण असतो. 'इंद्रायणी काठी' पारंपरिक अभंग आहे असं समजणारे मला दर आषाढीला भेटतात. ते सिनेमाचं गाणं आहे हो. 'गुळाचा गणपती' (१९५३), शब्द गदिमांचे, चाल पुलंची, राग भीमपलास, आवाज भीमसेनजींचा. भीमसेनजींनी ते मैफिलींतून इतकं गायलं की लोकांनी त्याला संतवाङ्मयातच नेऊन बसवलं.

मराठीत हे कधी सुरू झालं?

सिनेमाच्या खूप आधी. आणि मला वाटतं याबाबतीत आपण मराठी माणसांनी जरा अभिमान बाळगायला हरकत नाही, कारण आपल्याकडे हे उघडपणे व्हायचं.

किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ चं. पुढे खाडिलकरांचं 'मानापमान' १९११ मध्ये आलं, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या, ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या. 'स्वयंवर' १९१६ चं, तिथे भास्करबुवा बखले, म्हणजे ख्यालाचा कसलेला गवई नाटकाला चाली देतोय, 'नाथ हा माझा' यमन, 'सुजन कसा मन चोरी' भूप. बऱ्याच पदांची पद्धत अशी की एखादी हिंदी-ब्रज चीज घ्यायची, तिच्या वजनावर मराठी शब्द बसवायचे, मग बालगंधर्वांनी ते गायचं आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या गिरगावाने.

पण मुद्दा हा की जुनी नाटकाची पुस्तकं उघडून बघा. माझ्याकडे आजोबांच्या ट्रंकेतली एक-दोन आहेत, पानं पिवळी पडून कडांना तुटायला लागलीत. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात छापलेलं असतं, राग अमुक, ताल अमुक, चाल अमुक, आणि "चाल" च्या पुढे मूळ चिजेचे पहिले दोन-तीन शब्द. बस. एवढंच. कुणाकडून आलं ते सांगितलं, विषय संपला, आणि त्यामुळे ना खाडिलकर लहान झाले ना बखलेबुवा.

आणि हीच माणसं पुढे बोलपटात गेली. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' (१९३२), त्याचं संगीत याच गोविंदराव टेंब्यांचं, नायकही तेच. भास्करबुवांचे शिष्य मास्टर कृष्णराव 'प्रभात'च्या सिनेमांना संगीत द्यायला लागले. म्हणजे सिनेमाने शास्त्रीय संगीताच्या घरात चोरपावलांनी शिरायची गरजच नव्हती, घरातलेच लोक तिकडे गेले होते. फक्त जाताना "चाल: अमुक" असं छापायची सवय वाटेत कुठेतरी सुटली, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

हे सगळं मुंबईतच का झालं?

कारण दोन्हीकडची माणसं इथे एकमेकांपासून ट्रॅमच्या अंतरावर राहत होती.

पं. भातखंडे वाळकेश्वरचे, जन्म १८६० चा, पेशाने वकील. देशभर फिरून उस्तादांकडच्या चिजा त्यांनी गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग छापून आणले, नोटेशनसकट. त्यांच्या प्रयत्नाने १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झालं. तिथे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर शिकवत, तेही मुंबईचेच. आणि त्या कॉलेजात शिकून गेलेला एक मुलगा म्हणजे रोशन, वर सांगितले तेच. आता दुवा बघा, वाळकेश्वरहून लखनौ, आणि लखनौहून परत मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत. गौड मल्हाराची चीज उगीच नाही आली त्यांच्या हातात.

दुसरं म्हणजे भेंडीबाजार. मुरादाबादकडून आलेले तीन भाऊ, छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ, इथे स्थायिक झाले आणि वस्तीचंच नाव घराण्याला पडलं. छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ, त्यांनी कर्नाटक संगीतातला हंसध्वनी आपलासा केला, 'लागी लगन पति सखी संग' ही त्यांची हंसध्वनीतली बंदिश आजही सगळे गातात. लताबाई सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडे शिकल्या. आणि मग १९५६ च्या 'परिवार' मध्ये सलिल चौधरींनी लताबाई आणि मन्ना डेंना घेऊन 'जा तोसे नहीं बोलूँ कन्हैया' केलं, हंसध्वनीत. ते आणि अमान अलींची बंदिश लागोपाठ ऐका, नातं सांगायला माझी गरज लागणार नाही.

वादकांचं तर विचारूच नका. दिवसा ताडदेवला रेकॉर्डिंग आणि रात्री मैफल अशी आयुष्यं काढली लोकांनी. मदनमोहनच्या गाण्यांत रईस खाँची सतार आहे. शिवकुमार शर्मा संतूरवाले म्हणून आपल्याला माहीत, पण 'गाइड' (१९६५) मधल्या 'मोसे छल किए जाय' मध्ये तबला त्यांचा आहे. अशी माणसं स्टुडिओत बसलेली असताना राग गाण्यात येणारच ना, त्यांच्या बोटांतच तो होता.

मोठे गवई स्वतः सिनेमात गायले का? त्यांना कमीपणा नाही वाटला?

गायले. 'बैजू बावरा' (१९५२, नौशाद) मध्ये अमीर खाँ आणि द. वि. पलुसकर यांची देसी रागातली जुगलबंदी आहे. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५, वसंत देसाई) चं शीर्षकगीत अमीर खाँसाहेबांचं, अडाणा रागात. 'बसंत बहार' (१९५६) मध्ये 'केतकी गुलाब जूही' भीमसेनजी आणि मन्ना डे, आणि कथेप्रमाणे मन्ना डेंनी जिंकायचं होतं, त्यांनी स्वतःच सांगितलंय की ते इतके घाबरले होते की मुंबई सोडून पळून जायचा विचार केला. 'मुग़ल-ए-आज़म' (१९६०) साठी बडे गुलाम अली खाँनी सोहनीत 'प्रेम जोगन बन के' गायलं, खाँसाहेबांनी नाही म्हणण्यासाठी म्हणून गाण्यामागे २५,००० रुपये मागितले आणि के. आसिफ लगेच हो म्हणाले, असा किस्सा नौशाद सांगायचे.

किशोरीताई पण 'गीत गाया पत्थरों ने' (१९६४) साठी गायल्या आणि मग कितीतरी वर्षांनी 'दृष्टी' (१९९०) ला त्यांनी संगीत दिलं.

मग रागातलं फिल्मी गाणं म्हणजे शास्त्रीय संगीतच झालं की?

नाही. आणि ते कमी आहे म्हणून नाही, काम वेगळं आहे म्हणून. बडा ख्याल अर्धा-पाऊण तास सहज चालतो, राग हळूहळू उलगडायचा असतो, गवई पुढच्या क्षणी काय करणार ते त्यालाही ठरवून माहीत नसतं. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यात मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मधले म्युझिकचे तुकडे. म्हणून सिनेमाचा संगीतकार रागाची ओळख पटेल अशी एखादी जागा पहिल्याच ओळीत ठेवून देतो. पुढे भाव मागेल तसं दुसरा स्वरही लावतो, मग आपण म्हणतो मिश्र. ताल पण बहुतेक वेळा केरवा नाहीतर दादरा, विलंबित एकताल कोण लावणार पडद्यावर.

आणि शब्द पक्के असतात. ख्यालात शब्द स्वरांना टेकायला असतात, गाण्यात स्वर शब्दांना घेऊन चालतात. मला दोन्ही लागतं.

फक्त आपल्याच शास्त्रीय संगीतातून घेतात का?

नाही, पाश्चात्त्य क्लासिकलमधून पण घेतलंय. 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' (छाया, १९६१), परत सलिलदा, त्याची सुरुवात मोझार्टच्या १७८८ सालच्या चाळिसाव्या सिंफनीवरून आहे, जी मायनरमधली. पहिली ओळ स्पष्ट मोझार्ट, आणि मग अंतऱ्यात बघा गाणं कसं अलगद भारतीय होऊन जातं.

शास्त्रीय संगीताने कुणाकडून काहीच घेतलं नाही का?

भरपूर घेतलंय! मांड राजस्थानच्या लोकगीतांतून आला, पहाडी डोंगरातल्या धुनांतून. कुमार गंधर्व देवासला आजारपणात पडून होते तेव्हा माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले आणि पुढे लोकधुनांतून नवे राग बांधले. चारुकेशी, कीरवाणी, हंसध्वनी हे दक्षिणेकडून उत्तरेत आले. त्यामुळे "शास्त्रीय" म्हणजे एक बंद विहीर आणि बाकी सगळे तिच्यातून पाणी उपसणारे, असं चित्र डोळ्यांसमोर आणू नका, पाणी दोन्हीकडून झिरपतं.

कायदा काय म्हणतो? बंदिशीवर कॉपीराइट असतो का?

मी वकील नाही, पण हा प्रश्न इतक्यांदा येतो की समजून घ्यावंच लागलं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. रागावर कुणाचाच हक्क नाही. संगीतकृतीवर असतो, रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षं. म्हणजे सदारंगांची, अठराव्या शतकातली, चीज कुणीही वापरू शकतो, पण पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या बुवांनी बांधलेली बंदिश तशी मोकळी नाही. आणि एक गोष्ट मला धक्का देऊन गेली, १९९४ च्या दुरुस्तीआधी संगीतकृती म्हणजे लिहिलेली, छापलेली असा अर्थ होता. आपली सगळी विद्या तोंडी! गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात, कागद कुठे होता.

अलीकडे यावर मोठी केस झाली. 'पोन्नियिन सेल्वन २' (२०२३) मधल्या 'वीरा राजा वीरा' या ए. आर. रहमान यांच्या गाण्याबद्दल उस्ताद वासिफुद्दीन डागर दिल्ली हायकोर्टात गेले, म्हणणं असं की त्यांचे वडील आणि काका यांच्या, अडाण्यातल्या 'शिवस्तुती' या रचनेवरून ते आहे. एप्रिल २०२५ मध्ये एका न्यायमूर्तींनी श्रेय द्या आणि २ कोटी रुपये जमा करा असा अंतरिम आदेश दिला, सप्टेंबर २०२५ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला. कोण बरोबर ते मी सांगणार नाही. पण ध्रुपदाच्या, म्हणजे ख्यालाहूनही जुन्या गायकीतल्या, बंदिशीचा रचनाकार कोण, हा प्रश्न कोर्टात इतक्या गंभीरपणे विचारला जातोय हे मला महत्त्वाचं वाटतं.

तसं बघितलं तर आपल्या जुन्या लोकांनी सहीची सोय केलेली होती. अंतऱ्यात मुद्रा घालायची. 'सदारंग', फैयाज खाँसाहेबांचं 'प्रेमपिया', बडे गुलाम अलींचं 'सबरंग', जगन्नाथबुवा पुरोहितांचं 'गुणिदास'. गाणारा जेव्हा जेव्हा चीज गाणार तेव्हा बांधणाऱ्याचं नाव आपोआप घेणार. आता सिनेमा बहुतेक वेळा नुसता मुखडा घेतो आणि अंतरा नवा लिहून घेतो. म्हणजे नेमकी सहीच गळून पडते.

तुम्हाला स्वतःला याचा कधी त्रास झालाय का?

एकदा झालाय, खूप.

ज्यांच्याकडे मी शिकले त्या बाईंनी स्वतः काही बंदिशी बांधल्या होत्या, त्यातली एक बागेश्रीतली, मध्यलयीची. छापली नव्हती, कुठे रेकॉर्ड नव्हती, आम्ही सात-आठ शिष्य तेवढे गायचो. एके दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते, टीव्हीवर कुठलीशी मालिका लागली होती, आणि एका प्रसंगाच्या मागे तीच चाल सुरू झाली. शब्द वेगळे, पण मुखडा तोच, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायची ती तिरकी जागा सुद्धा तीच. बाई आत आमटीला फोडणी देत होत्या. हातात पळी तशीच घेऊन बाहेर आल्या, ओल्या हाताने चष्मा नीट केला, आणि टीव्हीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, ही माझीच ना?"

शेवटच्या नावांच्या पाटीवर त्यांचं नाव नव्हतं. मी भांडायला निघाले होते, त्यांनी अडवलं. पैशाचं त्यांच्या मनातही नव्हतं. म्हणाल्या, "नुसतं फोनवर विचारलं असतं तरी मी अंतरा पण सांगितला असता." आता बाई नाहीत. त्यांची ती चीज मी दर वर्षी एका तरी मुलाला शिकवते आणि वहीत वरच्या ओळीत त्यांचं नाव लिहायला लावते, तारखेच्याही आधी.

एखादं गाणं कुठल्या रागात आहे ते कसं ओळखायचं?

नेटवरच्या यादीवर आंधळा विश्वास ठेवू नका, तीन ठिकाणी तीन राग लिहिलेले असतात. आधी सा शोधा, म्हणजे गाणं जिथे आल्यावर घरी आल्यासारखं वाटतं तो स्वर, तो फोनवरच्या तानपुऱ्यावर लावून ठेवा आणि गाणं शब्द न घेता नुसतं "आ" ने म्हणा. मग कुठले स्वर कोमल, कुठले तीव्र, कुठले येतच नाहीत ते बघा. आणि मग वर भूप-देशकाराचं सांगितलं तसं, थांबतंय कुठे ते बघा. सुरुवातीला महिनाभर काहीच कळणार नाही, मग एक दिवस बेस्टच्या बसमध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं वाजेल आणि तुम्हाला आतून कळेल की हा भीमपलास. तो आनंद मी शब्दात सांगू शकत नाही.

मुलगी शास्त्रीय शिकतेय, तिला फिल्मी गाणी ऐकू द्यायची का?

द्या हो, बिनधास्त द्या. मी स्वतः 'नैनों में बदरा छाए' (मेरा साया, १९६६) ऐकून भीमपलासाच्या प्रेमात पडले. फक्त तेवढ्यावर थांबू देऊ नका.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

जोड्या लावून ऐका, सिनेमाचं गाणं आणि लगेच त्याच रागातलं कुणाचं तरी निवांत गायन. 'मन तड़पत हरि दर्शन को आज' आणि मग मालकंसाचा एखादा बडा ख्याल. 'पूछो ना कैसे मैंने रैन बिताई' (मेरी सूरत तेरी आँखें, १९६३) आणि मग अहिर भैरव, सकाळच्या वेळी. 'बोले रे पपीहरा' (गुड्डी, १९७१, वाणी जयराम) आणि मियाँ मल्हार. घाई करू नका, आठवड्याला एक जोडी पुरे.

आणि गौड मल्हार मात्र जूनपर्यंत राखून ठेवा. पहिला पाऊस झाला की आमच्याकडे 'गरजत बरसत' शिकवायला घेते, गॅलरीत छत्र्या उघड्या वाळत असतात, मुलं अर्धी भिजूनच आलेली असतात, पत्र्यावरच्या आवाजात तानपुरा नीट ऐकू येत नाही म्हणून सगळ्यांना जवळ सरकून बसावं लागतं. कुणाला यायचं असेल तर सहानंतर या, चप्पल बाहेर काढा आणि मुखडा संपेपर्यंत दारातच थांबा.